नाशिकमध्ये ए.ए.च्या मीटिंग कशा शोधाव्यात, आणि पहिल्यांदा जाताना काय माहीत असावे?

सातपूरकर:

नमस्कार. मी ४२ वर्षांचा असून सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुपरवायझर आहे. अनेक वर्षे रोजचे पिणे होते. यकृताच्या तपासण्या बिघडल्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयात राहून दारू बंद केली. आता घरी आहे, कामावर रुजू झालो आहे आणि औषधे नियमित चालू आहेत. मागच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितले की, एकट्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगना जायला लागा. त्यांनी जागा आणि वेळा लिहिलेला एक कागदही दिला. परंतु तो बराच जुना असावा, कारण त्यातील एका पत्त्यावर मी संध्याकाळी गेलो, तेव्हा तेथे मुलांची शिकवणी चालू होती आणि शिकवणाऱ्या बाईंना अशा कोणत्याही मीटिंगची माहिती नव्हती.

म्हणून पहिला प्रश्न असा की, शहरात सध्या चालू असलेल्या मीटिंगची खात्रीची माहिती कोठून मिळवावी?

दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण खरे तर तोच पहिला आहे. नाशिक आता मोठे शहर झाले असे म्हणतात, तरी सातपूर, सिडको, अंबड या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा लोकांसाठी ते अजून गावच आहे. माझ्या हाताखालची मुले, सोसायटीचे सभासद, मुलीच्या शाळेतील पालक, सासुरवाडीची माणसे, यांपैकी कोणीही कोठेही भेटते. मीटिंगमध्ये ओळखीचे कोणी निघाले, किंवा आत जाताना कोणी पाहिले, तर काय करावे?

याशिवाय आणखी काही शंका आहेत. ए.ए.च्या दारूमुक्तीच्या कार्यक्रमातील बारा पायऱ्या मी वाचल्या. त्यांत देवाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आमच्या घरात माळकरी परंपरा आहे, आई पौषवारीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला त्र्यंबकला चालत जाते, पण माझी स्वतःची श्रद्धा फारशी नाही, आणि तेथे जाऊन खोटेखोटे हात जोडणे मला जमणार नाही. पत्नी सोबत येते म्हणते, ते चालते का? शिवाय माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अनामिक, नाशिक रोड:

सातपूरकर, ज्या प्रश्नाला आपण दुसरा म्हणता म्हणता पहिला केलात, तेथूनच सुरुवात करतो. कारण पत्ता खिशात असूनही लोक महिनोन्‌महिने घरी बसून राहतात ते याच भीतीमुळे.

त्या खोलीत जो कोणी आपल्याला ओळखेल, तो तेथे कशासाठी आलेला असेल? झाकायचे असते ते आपल्याइतकेच त्यालाही असते, आणि दारात आपल्याला पाहून पहिली धास्ती त्यालाच वाटते. शिवाय, कडू वाटेल पण लिहितो, आपण पीत होतो हे गल्लीला, कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला आणि सासुरवाडीला ठाऊक नव्हते, अशी समजूत आपणा सर्वांचीच असते आणि ती फार क्वचित खरी निघते. बारमधून बाहेर पडताना लोकांनी पाहिले त्याचे काही वाटले नाही, आणि शाळेच्या खोलीत शिरताना कोणी पाहील म्हणून मात्र पाय अडतो, हा आपल्या आजाराचाच एक भाग आहे असे माझे मत आहे.

आता यातील व्यवस्थेचा भाग सांगतो. मीटिंगला नावनोंदणी नसते, हजेरीपट नसतो, आधार कार्ड कोणी मागत नाही, फोटो कोणी काढत नाही. पहिले नाव सांगितले तरी पुरते. ए.ए.च्या बारा परंपरांपैकी, म्हणजे ग्रुप कसे चालावेत याच्या तत्त्वांपैकी, अकरावी परंपरा सांगते की, वृत्तपत्रे, रेडिओ आणि चित्रपट यांच्या पातळीवर सदस्याने नेहमी अनामिक राहावे. आणि बारावी तर अनामिकतेलाच सर्व परंपरांचा पाया मानते. येथे ऐकलेले येथेच ठेवावे, हे बहुतेक ठिकाणी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलून दाखवले जाते. हे कायद्याचे बंधन नव्हे, म्हणून शंभर टक्के हमी मी देणार नाही. परंतु जुने सदस्य हा नियम किती कसोशीने पाळतात ते आपल्याला लवकरच दिसेल. मेन रोडवर किंवा रविवार कारंज्यावर समोरासमोर आलो आणि कोणासोबत घरची माणसे असली, तर ओळख दाखवायची की नाही हे आम्ही त्याच्यावर सोडतो. एवढे करूनही मन तयार नसेल, तर आपल्या भागातील ग्रुप सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाचा ग्रुप धरावा. सातपूरचा माणूस नाशिक रोडकडे येतो आणि नाशिक रोडचा देवळालीकडे जातो, यात कोणालाही नवल वाटत नाही.

पत्त्याविषयी. छापील कागद जुने का होतात, हे समजले की शोधण्याची रीतही कळते. ए.ए.मध्ये वरून हुकूम सोडणारे कार्यालय नाही. चौथ्या परंपरेनुसार प्रत्येक ग्रुप आपल्या कारभारापुरता स्वायत्त असतो, आणि सातवीनुसार तो आपला खर्च आपणच भागवतो, बाहेरची देणगी घेत नाही. त्यामुळे बहुतेक ग्रुपना स्वतःची वास्तू नसते. शाळेची खोली, चर्चच्या आवारातील दालन, एखाद्या ट्रस्टची मोकळी जागा, असे जे परवडते ते थोड्या भाड्याने घेतले जाते. शाळेला ती खोली हवी झाली किंवा ट्रस्टचे विश्वस्त बदलले, की ग्रुपला बाडबिस्तरा हलवावा लागतो, आणि डॉक्टरांच्या टेबलाच्या खणातला कागद मात्र तसाच राहतो. तेव्हा कागदावर विसंबून थेट जाऊ नये, आधी फोन करावा. भारतातील ए.ए.चे जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्याच्या संकेतस्थळावरील हेल्पलाइनवर संपर्क साधला, की नाशिकच्या एखाद्या सदस्याशी जोडून देण्याची विनंती करता येते. दुसरा मार्ग त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, किंवा जेथे आपण उपचार घेतले तेथे, डॉक्टरांऐवजी समुपदेशकाला विचारण्याचा आहे. रुग्णांना माहिती देण्यासाठी ए.ए.चे सदस्य अशा ठिकाणी जात असतात, आणि कोणाचा नंबर सध्या लागतो हे डॉक्टरांपेक्षा समुपदेशकांना अधिक माहीत असते. एकदा एका चालू मीटिंगमध्ये पोहोचलात, की शहरातील बाकीच्या सगळ्या मीटिंगचे वार आणि वेळा तेथे तोंडीच मिळतात. तोंडी मिळालेली माहिती सर्वांत ताजी असते.

फोन करताना आपण कोणाला त्रास देत आहोत असे मनात आणू नका. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल व्यवसायाच्या कामासाठी अमेरिकेतील ॲक्रन या गावी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. काम फसले, संध्याकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा पडला आणि पलीकडच्या बारमधून हसण्याचे आवाज येऊ लागले. आत जाण्याऐवजी त्याने टेलिफोन गाठला आणि गावातील धर्मगुरूंना फोन करून, मला बोलायला एखादा मद्यपी मिळवून द्या, अशी विनंती केली. त्यातून त्याची गाठ तेथील एका शल्यचिकित्सकाशी पडली. या डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. यात लक्षात घेण्यासारखे हे आहे की, फोन करणाऱ्याला समोरच्याचा उद्धार करायचा नव्हता; स्वतः पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा माणूस हवा होता. नवा माणूस फोन करतो तेव्हा फोन उचलणाऱ्याचीही सोब्रायटी, म्हणजे न पिता राहणे, त्या दिवसापुरती पक्की होते, ही आमची रोकडी समजूत आहे.

प्रत्यक्ष मीटिंग साधारण तास-दीड तासाची असते. एक सदस्य चेअरवर बसतो, सुरुवातीला प्रस्तावना वाचली जाते, मग ज्याला बोलायचे असेल तो नाव सांगून, आपण अल्कोहोलिक आहोत असे म्हणून, शेअरिंग करतो, म्हणजे आपला अनुभव सांगतो. एकाचे बोलणे चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. आपण काहीही न बोलता मागच्या बाकावर बसलात तरी चालते. फक्त ऐकायला आलो आहे, एवढे म्हटले की पुढच्याकडे वळतात. शुल्क नाही. शेवटी पिशवी फिरते, तीत सदस्य यथाशक्ती टाकतात आणि नव्या माणसाने टाकावे अशी अपेक्षा नसते. आपल्याकडे बोलणे मराठी-हिंदी मिसळीत चालते, काही जण मध्येच इंग्रजीत शिरतात. सदस्य होण्याची अट एकच आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असणे ही अट नाही.

पत्नीविषयी एवढेच सांगतो की, मीटिंग ओपन आणि क्लोज्ड अशा दोन प्रकारच्या असतात. क्लोज्ड मीटिंग फक्त आपल्यासारख्यांसाठी असते. ओपन मीटिंगला नातेवाईक, डॉक्टर, समाजकार्याचे विद्यार्थी, कोणीही बसू शकते. ओळख उघड होण्याची भीती आहे म्हणून आपण आधी क्लोज्ड गाठावी, आणि वहिनींना नंतर ओपनला आणावे.

एक मीटिंग पाहून मत बनवू नका. एखाद्या ग्रुपमध्ये एकच गृहस्थ अर्धा वेळ खातात, एखादा ग्रुप फार गंभीर असतो, एखाद्यात चहापानच मीटिंगपेक्षा लांबते. वेगवेगळे ग्रुप पाहून जेथे जीव रमेल तो आपला होम ग्रुप ठरवावा, आणि काही आठवड्यांनी ज्याचे बोलणे पटते अशा जुन्या सदस्याला स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरचा आपला मार्गदर्शक, होण्याविषयी विचारावे.

मानसोपचार विभागातील परिचारिका:

वरील उत्तर चांगले आहे. त्यात वैद्यकीय बाजूची भर घालते, कारण हे वाचणारे सगळे जण सातपूरकर दादांसारखे रुग्णालयातून दारू सोडून आलेले नसतील.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने मीटिंगमध्ये ऐकून उत्साहाच्या भरात उद्यापासून घरीच एकदम बंद, असे करू नये. शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हातांना कंप, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतात, नसलेले किडे, माणसे दिसू लागतात, ताप चढतो आणि रक्तदाब वर-खाली होतो. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट आलेली आहे, त्याला हा धोका अधिक असतो. रुग्णालयात यासाठी ठरावीक औषधे आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व दिले जाते. घरचे लोक पुष्कळदा याला बाहेरची बाधा समजून भलतीकडे घेऊन जातात आणि मोलाचे तास वाया घालवतात. रात्री-अपरात्री काय करावे हे सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते; सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ ही आहे. मात्र फिट आली किंवा माणूस भ्रमात गेला, तर फोनवर वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. डायसल्फिराम ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली, तर चेहरा लाल होणे, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे होते, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तसे होऊ शकते. ती रुग्णाच्या नकळत भाजीत किंवा चहात मिसळून देणे हा जिवाशी खेळ आहे, आणि जाहिरातीतील "न सांगता दारू सोडवा" छापाच्या पुड्यांपासूनही दूर राहावे. दादा, आपल्या गोळ्यांत ही असेल, तर आपल्या शहराच्या दृष्टीने एक सूचना करते. पाहुणे आले की त्यांना द्राक्षमळे आणि वायनरी दाखवायला नेण्याची येथे रीतच पडली आहे, आणि वाइन म्हणजे काही दारू नव्हे, असे आग्रह करणारे नातेवाईक प्रत्येक घरात आहेत. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते आणि ते देशीतले असो वा वाइनमधले, एकच असते. पाहुण्यांना घरातील दुसऱ्या कोणासोबत तरी पाठवावे.

मीटिंगला जायला लागल्यावर काही उत्साही सदस्य, गोळ्यांची गरज नाही, असे सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते ऐकू नये. औषध कधी कमी करायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे, आणि ए.ए.च्या स्वतःच्या साहित्यातही सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असेच म्हटले आहे. उलट बाजूने, मीटिंग म्हणजे केवळ गप्पा, असे म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही आता आधार उरलेला नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरानंतर पूर्ण मद्यमुक्त असलेल्यांचे प्रमाण ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांत ४२ टक्के, तर इतर उपचारांत ३५ टक्के आढळले. फरक डोळे दिपवणारा नाही, हे मान्य. पण उपचार संपल्यावरही या बाजूला आयुष्यभर विनाशुल्क चालणारी मीटिंग उरते, हे ध्यानात घेतले तर तो लहानही नाही.

नास्तिक, कॉलेज रोड:

देवाच्या प्रश्नावर कोणीच थांबले नाही, म्हणून लिहितो. मी स्वतः ए.ए.मध्ये आहे आणि देव मानत नाही.

सातपूरकर, आपली शंका रास्त आहे आणि ती गोड बोलून उडवून लावण्यासारखी नाही. बारा पायऱ्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या, त्या एका ख्रिस्ती वळणाच्या चळवळीच्या सहवासात तयार झाल्या होत्या, आणि त्याची छाप त्यांवर स्पष्ट दिसते. दुसऱ्या पायरीत आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो, आणि तिसरीत देव येतो तो "आम्हाला तो जसा समजला तसा" या पुस्तीसह. ही पुस्ती सुरुवातीच्या सदस्यांतील न मानणाऱ्यांच्या आग्रहामुळे आली, आणि तिच्या आधाराने माझ्यासारख्यांना तेथे बसता येते. मी त्या मोठ्या शक्तीच्या जागी समोर बसलेल्या माणसांना धरतो. जे मला एकट्याला जमले नाही ते त्यांना एकत्र बसून जमते आहे, हे मला डोळ्यांनी दिसते आणि त्यासाठी श्रद्धेची गरज पडत नाही.

व्यवहारात काय होते तेही सांगतो. शेवटी उभे राहून एक प्रार्थना म्हणतात, जी बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती आणि जे बदलता येते ते बदलण्याचे धैर्य मागणारी. मी तेव्हा गप्प उभा राहतो आणि आजवर कोणी टोकलेले नाही. काही सदस्य आपापल्या दैवताचे नाव घेतात, एखाद्याच्या बोलण्याला कीर्तनाचा सूर लागतो, आणि कुंभमेळ्याच्या या गावात तो लागणारच. पंचवटीतले भाविक सदस्य आणि मी गेली कित्येक वर्षे शेजारी बसतो. देवाविषयी आमचे कधी जमले नाही आणि पहिला प्याला घ्यायचा नाही याविषयी कधी मतभेद झाला नाही.

मात्र नाशिक रोडच्या अनामिक काकांनी लिहिले नाही ते मी लिहितो. ए.ए. हा एकच मार्ग आहे, असे मीटिंगमध्ये कोणी सांगितले तर ते त्या व्यक्तीचे मत समजावे. पायऱ्यांची भाषा प्रामाणिक प्रयत्नांनंतरही पचली नाही, तर घरी बसण्यापेक्षा दुसरे काही धरलेले बरे. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी ही पद्धत देवाशिवाय, विचार आणि सवयी तपासण्याच्या तंत्रांवर चालते आणि तिच्या ऑनलाइन बैठका असतात. आपल्या राज्यात पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्थांचे, उपचारानंतरच्या पाठपुराव्याचे काम १९८६ पासून चालू आहे. माझ्या मते मात्र नवख्या माणसासाठी ए.ए.चा एक फायदा बाकी कोणाकडे नाही: संध्याकाळी सात वाजता घसा कोरडा पडू लागला, तर याच शहरात रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, आज पिऊ नये म्हणून बसलेली माणसे सापडतात. स्क्रीनवरच्या बैठकीत तो शेजार नसतो.

इंदिरानगरची ताई:

सातपूरकर दादांच्या पत्नीसाठी लिहिते आहे. दादांनी हे त्यांना वाचायला द्यावे.

वहिनी, तुम्ही सोबत येते म्हणालात, ते मी समजू शकते. माझे यजमान मीटिंगला जायला लागले, तेव्हा मी बाहेर स्कूटरवर बसून राहायची. ते खरेच आत गेले का, मागच्या दाराने निघून तर गेले नाहीत, हे पाहायला. घरी आले की तोंडाचा वास, खिशातील पैशांचा हिशेब, फोनमधील नंबर, हे सगळे चालूच होते. तेथील एका वयस्कर बाईंनी मला आत चहाला बोलावले आणि अल-अनॉनची माहिती दिली. अल-अनॉन ही मद्यपींच्या घरच्यांसाठीची वेगळी संघटना आहे, ए.ए.च्याच संस्थापकांपैकी एकाच्या पत्नीने १९५१ मध्ये ती दुसऱ्या एका भगिनीसोबत उभी केली. तिच्याही मीटिंग असतात, त्याही अनामिक आणि विनाशुल्क. किशोरवयीन मुलांसाठी तिचीच अलाटीन ही शाखा आहे. पण ती सगळीकडे चालू असतेच असे नाही, तेव्हा मुलगी त्या वयाची असेल तर आधी विचारून घ्यावे.

तेथे पहिल्यांदा जे ऐकले त्याने मला राग आला होता. हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, तुम्ही तो आटोक्यात ठेवू शकत नाही आणि तुम्ही तो बराही करू शकत नाही, असे तेथे सांगतात. सासूबाई इतकी वर्षे सांगत होत्या की बायको नीट असती तर मुलगा प्यायला नसता, त्यामुळे पहिला भाग ऐकून डोळ्यांत पाणी आले. पण पुढचे दोन भाग पटायला फार वेळ लागला. पहारा सोडायचा म्हणजे वाऱ्यावर सोडायचे, असे वाटायचे. आता एवढेच सांगते की, पहाऱ्यामुळे त्यांचे पिणे कधी थांबले नव्हते आणि माझी झोप मात्र गेली होती.

यजमानांना मीटिंगसाठी वेळ लागेल, त्याचे मनाला लावून घेऊ नका. आधी बारमुळे संध्याकाळ जात होती, आता मीटिंगमुळे जाते, असे पहिल्या वर्षात पुष्कळ जणींना वाटते आणि ते बोलायला संकोच वाटतो. अल-अनॉनमध्ये ते मोकळेपणाने बोलता येते. आणि घरात मारहाण होत असेल, तर ती सहन करणे हा कोणत्याच कार्यक्रमाचा भाग नाही. तेथे १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा पोलीस, हाच मार्ग आहे.

सातपूरकर:

सर्वांचे मनापासून आभार. अनामिक काका, आपण सांगितल्याप्रमाणे मुंबईच्या कार्यालयामार्फत एका सदस्याचा नंबर मिळाला आणि बोलणेही झाले. ते नाशिक रोडकडच्या ग्रुपचे निघाले, कदाचित आपल्याच ओळखीचे असतील, पण नाव विचारायचे नाही हे आता कळले आहे. परिचारिका ताईंनी म्हटलेली गोळी माझ्या चिठ्ठीत आहे. पुढच्या महिन्यात मेव्हण्याच्या घरी पुण्याचे पाहुणे येणार आहेत, तेव्हा वायनरीचा विषय निघणारच; त्या दिवशी कामावर सुट्टी नाही, असे आतापासूनच सांगून ठेवतो. पत्नीने ताईंचे लिहिणे दोनदा वाचले आणि अल-अनॉनची चौकशी स्वतः करीन म्हणाली.

एक शंका राहिली. ज्या आठवड्यात दुपारी तीन ते रात्री अकरा अशी दुसरी पाळी असते, त्या आठवड्यात संध्याकाळची एकही मीटिंग मिळणार नाही. नेमके त्याच आठवड्यात, रात्री सुटल्यावर, गेटबाहेर पूर्वीची सगळी मंडळी उभी असतात. तेवढा आठवडा कसा काढावा?

अनामिक, नाशिक रोड:

शिफ्टमध्ये काम करणारे सदस्य आमच्यात पुष्कळ आहेत, आणि यावर त्यांनी शोधलेले मार्गच सांगतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळची ऑनलाइन मीटिंग धरावी. २०२० पासून त्या बऱ्याच वाढल्या असून हिंदी आणि मराठीतही असतात, व्हिडिओ बंद ठेवून, पहिले नाव लिहून बसता येते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मात्र प्रत्यक्ष मीटिंग चुकवू नये. आठवड्याच्या मध्ये एखाद्या सकाळी जुन्या सदस्याकडे चहाला जाऊन बसावे. दोघे अल्कोहोलिक सोब्रायटीविषयी बोलायला बसले तरी काम होते.

रात्री अकराचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मीटिंगने सुटणार नाही. ज्या सदस्याशी बोलणे झाले, त्यांना आजच विचारून ठेवा की पाळी सुटल्यावर फोन केला तर चालेल का. चालेल असेच उत्तर येईल, कारण त्या वेळेला जागे राहणारे आमच्यात कमी नाहीत. गेटच्या आतूनच फोन लावायचा आणि बोलत बोलत गाडीपर्यंत जायचे. हातात फोन असलेल्या माणसाला कोणी फार वेळ थांबवून ठेवत नाही. पोटात भूक असेल तर मोह अधिक होतो, म्हणून डब्यातील एक पोळी किंवा केळे सुटण्याच्या आधी खाऊन घ्यावे. शक्य असेल तर वाट बदलावी. दुकानावरून जाणारा रस्ता जवळचा असला तरी लांबचा धरावा. पगाराच्या दिवशी आणि बोनस हाती पडेल त्या दिवशी वहिनींना किंवा भावाला गेटवर बोलावून घ्यावे, यात कमीपणा नाही.

नाशिक रोडकडच्या मीटिंगला येणार असाल, तर निघण्यापूर्वी त्या सदस्यांना फोन करून जागा आणि वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, तेव्हा खोली बदलण्याची शक्यता आहे.